बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची सर्व्हिस वर्षभर वापरली, खरं काय ते लिहिते (रबाळे एमआयडीसी)

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणजे नोकरीवर घ्यायच्या माणसाची माहिती खरी आहे का ते एजन्सीकडून तपासून घेणं. पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक अख्खा स्टार पत्ता तपासायला बाईकवरून फिरणाऱ्या पोरांचा आहे, ऑफिसात बसून रिपोर्ट बनवणाऱ्यांचा नाही, हे आधीच सांगते.

एजन्सीचं नाव लिहीत नाहीये. एका प्रकरणात त्यांच्याशी अजून मेलवर भांडण चालू आहे आणि सरांनी सांगितलंय ते मिटेपर्यंत नाव कुठे टाकू नका. तसंही आमच्या भागातल्या ज्या दोन-तीन जणी माझ्यासारखंच काम करतात त्यांच्या एजन्सी वेगळ्या आहेत पण रडगाणं थोड्याफार फरकाने तेच, त्यामुळे नाव कळून तसा फायदाही नाही, काय विचारून घ्यायचं ते कळलेलं बरं.

आमचं युनिट रबाळ्याला, पॅकेजिंगचं. पे-रोलवर साठ-सत्तर माणसं, बाकी कॉन्ट्रॅक्टरची. अकाउंट्स, अ‍ॅडमिन आणि एचआर ही तिन्ही डिपार्टमेंट एकाच टेबलावर बसतात आणि त्या टेबलाला एकच खुर्ची आहे, माझी. पूर्वी भरती म्हणजे कुणीतरी म्हणायचं मॅडम माझा मेहुणा आहे, दिघ्याला राहतो, कामाला पक्का आहे, की आला तो सोमवारी. ह्या पद्धतीला लोक हसतात पण तिच्यात एक धाक होता, माणूस चुकला तर ज्याने आणला त्याची मान खाली जायची म्हणून तोच त्याच्यावर लक्ष ठेवायचा. तोटा हा की काढायची वेळ आली की एकाच्या जागी दोन माणसं तोंड फिरवतात, आणि वर एकाच गावची सहा पोरं एका शिफ्टला असली की गणपतीत मशीन बंद.

मग काम वाढलं, नोकरीच्या अ‍ॅपवरून अनोळखी पोरं यायला लागली, आणि त्यातच एका मोठ्या कस्टमरचं ऑडिट झालं. त्यांच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ होती की व्हेंडरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन झालेलं पाहिजे आणि त्याचा कागद फाइलला पाहिजे. म्हणजे आम्हाला विश्वास बसावा म्हणून नाही, ऑडिटरला कागद दाखवायला ही सर्व्हिस घेतली. बहुतेक छोट्या कंपन्या अशाच घेतात, उगाच तत्त्वाच्या गप्पा नकोत.

सेल्सवाला आला तो लॅपटॉप घेऊनच. पहिल्याच स्लाइडला 2022 ची विप्रोची बातमी, प्रतिस्पर्धी कंपन्यांचं पण काम करतात म्हणून 300 जणांना काढलं ती. सर प्रभावित झाले. मी म्हटलं आमच्याकडे शिफ्ट सुटली की पोरं स्टेशनकडे पळत सुटतात, ती कुठे जाऊन दुसरी नोकरी करणार? तो हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. पण एक मान्य करते, आमच्या ऑफिस स्टाफसाठी पीएफच्या रेकॉर्डवरून दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या दिसतात का हे ते बघतात आणि ते काम खरंच चोख करतात.

पॅकेजमध्ये सहा गोष्टी, ओळखपत्र, पत्ता, शिक्षण, मागची नोकरी, कोर्ट केस आणि रेफरन्स. रिपोर्ट येतो रंगात, हिरवा, पिवळा, लाल. सगळी गडबड ह्या रंगांत आहे.

हिरव्याचं सांगते. स्टोअरला माणूस हवा होता. एक जण आला, भिवंडीच्या गोडाऊनचा चार वर्षांचा अनुभव, लेटरहेडवर एक्सपिरियन्स लेटर, गोल शिक्का, निळ्या शाईची सही, सगळं व्यवस्थित. रिपोर्ट वरपासून खालपर्यंत हिरवागार. मागची नोकरी व्हेरिफाइड, रेफरन्सला वेअरहाऊस सुपरवायझरशी फोनवर बोलणं झालं, वागणूक उत्तम, सचोटी उत्तम, परत घ्याल का तर हो. जॉइन झाला. आता मी जॉइनिंग फॉर्म एक्सेलमध्ये चढवते तेव्हा मोबाइल नंबर दोनदा आला की तो आपोआप लाल व्हावा असं सेटिंग ठेवलंय, कारण दोन भाऊ एकच नंबर देतात आणि मग ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) वेळी घोळ होतो. त्याचा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट टाकला आणि सेल लाल. नातं या रकान्यात लिहिलंय मावसभाऊ. आणि तोच नंबर रेफरन्सच्या रकान्यात, पद वेअरहाऊस सुपरवायझर.

सर म्हणाले मावसभाऊ सुपरवायझर असू शकतो की. असू शकतो, म्हणून लेटरहेडवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, ते फुकट आहे, कुणालाही बघता येतं, तर नोंदणी रद्द झालेली आणि रद्द झाल्याची तारीख त्या लेटरच्या तारखेच्या बऱ्याच आधीची. बंद पडलेली फर्म मागाहून एक्सपिरियन्स लेटर कसं देईल?

त्याला बोलावून विचारलं. फार ताणलं नाही त्याने, सांगून टाकलं. गोडाऊनमध्ये खरंच चार वर्षं होता पण एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे, पगार रोख, ना स्लिप ना पीएफ, सोडताना लेटर मागितलं तर कॉन्ट्रॅक्टरने शिव्या घातल्या. मग स्टेशनजवळच्या एका टायपिंगवाल्याकडून लेटर बनवून घेतलं आणि रेफरन्सला मावसभाऊ उभा केला. कामाचं विचारलं तर सगळं पाठ, बिन कार्ड, चलान, एफआयएफओ (आधी आलेला माल आधी काढायचा), माल कुठल्या बाजूने भरायचा आणि कुठल्या बाजूने काढायचा, हे टायपिंगवाला शिकवत नाही.

आता ह्यात कोण खोटं? पोरगा खोटं बोलला हे आहेच, त्यावर पांघरूण घालत नाही, स्टोअरच्या किल्ल्या त्याच्याकडे द्यायच्या नाहीत ह्यावर मी ठाम होते. पण भिवंडी, कळंबोली, तळोजा, कुठेही जा, रोखीवर राबलेल्या माणसाकडे आपण राबलो ह्याचा पुरावाच नसतो, आणि आपण पुरावा असल्याशिवाय दारात उभं करत नाही. सरांनी त्याला डिस्पॅचला टाकलं, पगार थोडा कमी, लेटर फाइलमधून काढून त्याच्याकडून खऱ्या कामाचं एक साधं लेखी निवेदन घेतलं. आज तो आमच्या चांगल्या माणसांत आहे. दुसऱ्या कंपनीने काढला असता, तेही चूक म्हणता आलं नसतं.

माझा राग त्याच्यावर कमी आणि एजन्सीवर जास्त. त्यांना विचारलं तुम्ही काय व्हेरिफाय केलंत, तर उत्तर आलं की कॅन्डिडेटने दिलेल्या नंबरवर कॉल केला आणि समोरच्याने माहितीला दुजोरा दिला, स्कोपप्रमाणे काम पूर्ण. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्यालाच विचारायचं बाबा तुझी चौकशी कुणाकडे करू, आणि तो सांगेल तिकडे फोन लावून हिरवा शिक्का मारायचा. त्यांच्या भाषेत हिरवा म्हणजे पलीकडून कुणीतरी हो म्हणालं, बास. कुणी म्हणालं हे त्यात येत नाही. कॉन्ट्रॅक्ट काढून वाचलं तर खरंच तसंच लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात पण आहे.

त्यामुळे कुणी घेत असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की रेफरन्सचा नंबर तुम्ही स्वतः शोधता का. कंपनीच्या वेबसाइटवरचा, बोर्डलाइनचा, रिसेप्शनला लावून अमुक डिपार्टमेंटला द्या म्हणायचं, हे करणार का. आमच्या एजन्सीकडे ह्याचं वेगळं पॅकेज निघालं, महागाचं. मग रेफरन्सचं काम मीच करायला लागले आणि खरं सांगते त्यात रिपोर्टपेक्षा जास्त कळतं.

फक्त आपल्याकडे रेफरन्स देणारा वाईट बोलत नाही ही मोठी अडचण. फोन लावला की ठरलेलं, हो हो चांगला मुलगा आहे, घ्या बिनधास्त. माणूस चार महिने पगार उचलून पळालेला असला तरी हेच, कारण कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, आपलं काय जातंय. मोठ्या कंपन्यांचे एचआर तर त्याच्याही पुढे, तारखा आणि पद सांगतील आणि फोन ठेवतील, पॉलिसी आहे म्हणतात. म्हणून मी चांगला आहे का हे विचारतच नाही. विचारते त्याला कुठलं काम देऊ नये. ह्याला उत्तर तयार नसतं, माणूस दोन सेकंद थांबतो आणि मग खरं बोलतो. एका सुपरवायझरबद्दल समोरचे गृहस्थ म्हणाले, मॅडम कामाला वाघ आहे पण बायका असतील त्या लाइनला नका ठेवू. एवढंच. त्यांनी तक्रार केली नाही, नाव घेतलं नाही, पण मला जे कळायचं ते कळलं. तो माणूस आम्ही घेतला नाही आणि त्यांचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. रेफरन्सवाल्याचं बोलणं कॅन्डिडेटपर्यंत गेलं की पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

उलटंही होतं हं. नोटीस पूर्ण न करता सोडलेल्या पोराबद्दल जुना मालक असं काही बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं दरोडेखोर होता. म्हणून एकाच फोनवर ठरवायचं नाही, बरोबरीने काम केलेला एक जण आणि वरचा एक जण, दोघं. बरोबरीचा जास्त खरं सांगतो.

आम्हालाही असे फोन येतात बरं का, आमची सोडून गेलेली माणसं महाप्याला, तुर्भ्याला लागतात तेव्हा. सरांचा नियम आहे की तारखा, पद आणि शेवटचा हिशेब पूर्ण झाला की नाही एवढं लेखी द्यायचं, बाकी तोंडी, आणि तोंडी म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर बोलू शकू तेवढंच.

आता लाल रंग. हा जास्त त्रासदायक, कारण हिरव्याने फसलो तर आपलं नुकसान, लालने फसलो तर दुसऱ्याची नोकरी जाते.

अकाउंट्सला माझ्या हाताखाली एक मुलगी हवी होती. एक जण आवडली, टॅली हातखंडा, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेली, बोलायला सरळ. रिपोर्ट लाल. एक कारण, मागची कंपनी तुर्भ्याची, ती बंद झालेली म्हणून व्हेरिफाय करता आली नाही. दुसरं कारण, नावात तफावत. डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, पॅनवर माहेरचं. आता मला सांगा महाराष्ट्रात लग्न झालेल्या किती बायकांची सगळी कागदपत्रं एका नावावर आहेत? माझीच नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर नाव किती टक्के जुळतं ते बघतं आणि कमी भरलं की लाल, मधे माणूस नाहीच. गंमत म्हणजे तिने मॅरेज सर्टिफिकेट अपलोड केलेलं होतं, ते उघडूनच बघितलं नव्हतं.

सर म्हणाले लाल आहे तर सोडा, ऑडिटला प्रॉब्लेम नको. मी म्हटलं एक दिवस द्या. तिला फोन करून रिपोर्टमध्ये काय आलंय ते जसंच्या तसं सांगितलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बहुतेक ठिकाणी कॅन्डिडेटला सांगतच नाहीत, नुसतं आम्ही तुम्हाला कळवू म्हणतात आणि त्या बिचारीला आयुष्यभर कळत नाही काय झालं. ती दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन आली. पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक, त्यात महिन्यागणिक कंपनीच्या नावाने पैसे जमा. बँक स्टेटमेंटमध्ये त्याच कंपनीकडून पगार. 26एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या उताऱ्यात, कंपनीने पगारातून कापलेला टीडीएस. कंपनी बंद झाली हे एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर नाव टाकलं की दिसतं, स्ट्राइक ऑफ म्हणजे नोंदणीतून काढलेली म्हणून. माणूस खोटं बोलेल, मालक बोलेल, पण पाच वर्षं दर महिन्याला पीएफमध्ये पैसे भरण्याचा खोटेपणा कोण करतो हो?

हे सगळं एजन्सीला पाठवलं तेव्हा लालचा हिरवा झाला, सॉरी पण न म्हणता. ती मुलगी आता माझी अर्धी डोकेदुखी उचलते.

पीएफच्या बाबतीत मात्र जपून. हिस्टरीत कंपनीचं नाव नाही म्हणजे माणूस खोटा असं धरू नका. एक तर वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या जागी पीएफ लागू असेलच असं नाही. दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर असलेला माणूस ठाणे-बेलापूर रोडवरच्या मोठ्या प्लांटमध्ये दहा वर्षं राबलेला असतो, रेझ्युमेवर अभिमानाने प्लांटचं नाव लिहितो, आणि पीएफ निघतो कुठल्यातरी एंटरप्रायझेसच्या नावावर. एजन्सी ह्याला तफावत म्हणते. आमचा एक फिटर असाच पिवळा झाला होता, त्याच्याकडे प्लांटचा जुना गेटपास निघाला म्हणून बरं.

पिवळ्यावरून आठवलं, ड्रायव्हरचं. टेम्पोसाठी घेतला, लायसन्सवर एलएमव्ही (हलकं मोटार वाहन), ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा नाही म्हणून एजन्सीने पिवळा दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितलंय की 7500 किलोच्या आतलं त्या वर्गातलं ट्रान्सपोर्ट वाहन एलएमव्हीवर चालवता येतं, वेगळी नोंद नको. हे मला माहीत कारण आमच्या इन्शुरन्सवाल्याने सांगितलं होतं. एजन्सीला माहीत नाही, ज्यांचा हा धंदा आहे. लायसन्स खरं आहे का, मुदत कधीपर्यंत, हे तर परिवहनच्या साइटवर नंबर आणि जन्मतारीख टाकून आपल्यालाच कळतं, त्याचे पैसे कशाला द्यायचे.

आणि सिक्युरिटी गार्डचे पैसे तर अजिबातच देऊ नका. खासगी सिक्युरिटी एजन्सीला 2005 च्या कायद्याखाली लायसन्स लागतं आणि गार्डची पडताळणी करूनच कामावर ठेवायचं बंधन त्यांच्यावर आहे, त्यांच्याकडून त्याची कॉपी मागा. आमच्या कोटेशनमध्ये गार्ड पण धरले होते, मी ती ओळ खोडली.

ज्यावरून भांडण चालू आहे ते आता. क्वालिटीला एक मुलगा निवडला होता, महाप्याच्या एका कंपनीत नोकरीला होता, अजून राजीनामा दिलेला नव्हता, ऑफर हातात आल्यावर देणार होता, कुणीही असंच करेल. एजन्सीच्या फॉर्ममध्ये एक चौकट असते, सध्याच्या कंपनीला संपर्क करू नये, त्यावर त्याने टिक केलेली. तरी ह्यांच्या कॉल सेंटरमधून त्याच्याच मॅनेजरला फोन गेला, आम्ही अमुक कंपनीच्या वतीने चौकशी करतोय. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये घेतलं. त्याचं इन्क्रिमेंट त्याच आठवड्यात होणार होतं, ते राहिलं ते राहिलंच. त्याने मला फोन केला तो रागाने नाही, घाबरून. घरचं भाडं, लहान मूल, आणि आमचं ऑफर लेटर अजून निघालेलं नव्हतं. मी सरांकडे गेले आणि संध्याकाळी ऑफर काढायला लावली, बाकी चेक नंतर होतील म्हटलं. सरांनी एकदाही आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

एजन्सीचं उत्तर, आमच्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर ती टिक दिसत नव्हती, टेक्निकल इश्यू. अहो तुमच्या स्क्रीनवर दिसत नसेल तर तो फॉर्म भरून कशाला घेता? माणसाने संमती दिली ती अमुक गोष्टीची, तमुकची नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्यात संमतीचा मुद्दाच मुळाशी आहे, हे त्यांच्याच ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर छापलंय. आम्ही मागितलंय लेखी माफी, त्या मुलाच्या नावाने, आमच्या नाही. अजून आलेली नाही.

कागदपत्रं घेण्याची पद्धत पण सुरुवातीला भयंकर होती, आधार-पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर टाका म्हणायचे, कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर. मी आधारची पूर्ण कॉपी देणं बंद केलं, सगळ्यांना मास्क्ड आधार काढायला शिकवलं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधी म्हणाले चालणार नाही, मग चाललं. आता लिंक देतात, त्यावर अपलोड होतं.

चांगलं ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती कुरकुर करते. पत्ता तपासणी खरंच उत्तम. आमची माणसं राहतात दिघा, इलठणपाडा, कळवा, कोपरखैरणे, पत्ता काय तर मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, तिसरी चाळ, आणि चाळीला दोन नावं. ही पोरं पावसात पण जाऊन शोधतात, घरच्यांशी नीट बोलतात, शेजाऱ्यांना कारण सांगत बसत नाहीत, दाराचा फोटो आणि लोकेशन पाठवतात. एका पोराला मी विचारलं शेजारी काय विचारतात, तर म्हणाला मी सांगतो कुरिअर आहे. म्हटलं शाब्बास, नाहीतर चाळीत बातमी पसरायची पोलीस आले होते म्हणून.

शिक्षणाची तपासणी पण प्रामाणिक, फक्त वेळ लागतो. सात दिवस सांगतात, युनिव्हर्सिटीकडून उत्तर यायला महिना सहज जातो आणि युनिव्हर्सिटीची फी वेगळी लावतात. दहावी-बारावीसाठी मात्र कॅन्डिडेटलाच सांगा डिजिलॉकरमधून मार्कशीट शेअर कर, बोर्डाकडून थेट आलेली असते, कायद्याने ती मूळ कागदाच्या बरोबरीची धरतात, खाडाखोडीचा प्रश्नच नाही.

कोर्टाचा चेक अर्धा बरा. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, फुकट, तेच हे लोक करतात. पण ठाणे जिल्ह्यात पाटील, म्हात्रे, भोईर नावाने शोधलं तर काय होणार? याद्याच्या याद्या. आमच्या एका ऑपरेटरच्या रिपोर्टला संभाव्य केस म्हणून पिवळा आला, बघितलं तर वडिलांचं नाव वेगळं, गाव वेगळं, वयात तीस वर्षांचा फरक. आणि केस असली तरी कसली? भावकीतला जमिनीचा दावा असेल, चेक बाउन्स असेल, नुसती चालू असेल, निकाल लागलेला नसेल. जिथे खरंच गरज आहे, रोख रकमेचं काम वगैरे, तिथे आम्ही माणसालाच पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज करायला सांगतो, फी आम्ही देतो. तो दाखला आल्यावर वाद उरत नाही.

रिन्यूअल आलंय. आम्ही पूर्ण पॅकेज घेत नाहीये. पत्ता आणि पदवी त्यांच्याकडे ठेवतोय, पीएफ हिस्टरी फक्त ऑफिस स्टाफची, बाकी रेफरन्स, लायसन्स, जीएसटी, कोर्ट आम्ही इथेच बघणार. कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन वाक्यं टाकायला लावली, लाल किंवा पिवळा द्यायच्या आधी कॅन्डिडेटला कारण सांगून चार दिवस द्यायचे, चालू नोकरीत फोन करायचा नाही, आणि रेफरन्स कधी करून घेतलाच तर नंबर कुठून मिळवला ते रिपोर्टमध्ये लिहायचं. पहिली दोन मान्य झाली. तिसऱ्यावर म्हणाले मॅनेजमेंटला विचारून सांगतो.

किंमत माणशी साधारण दीड हजाराच्या आसपास बसली, एक-एक चेक सुटा घेतला तर जरा महाग पडतो पण उगाचचे चेक नसल्याने एकूण बिल कमीच येतं. 18 टक्के जीएसटी आणि युनिव्हर्सिटीची फी कोटेशनमध्ये धरलेली नसते, आधीच विचारून लेखी घ्या.